दहा जणींची एक बरगडी

हे विश्वंभरा, आईच्या पोटातून बाहेर आलेल्या जिवाच्या हाती तू पहिली वस्तू ठेवतोस ती श्वास. दूध मागाहून येते, नाव त्याच्याही मागाहून येते. तो पहिला श्वास देताना तू घर विचारत नाहीस, दार विचारत नाहीस, बाप कोणत्या कामावर जातो तेही विचारत नाहीस. वारा तू वाटून दिला नाहीस, देवा. वाटण्या आम्ही केल्या. सर्वांसाठी सोडलेल्या तुझ्या वाऱ्याआड आम्ही भिंती घातल्या, भिंतीच्या एका अंगाला खिडक्या ठेवल्या आणि दुसऱ्या अंगाला धूळ. तुझ्या पायांवर माथा टेकवून आज एका बाईची कथा सांगायची आहे. तिने आपली छाती दहा जणींत वाटली. बरे केले की वाईट केले, तो निवाडा तुझा. येथे जे घडले ते क्रमाने सांगायचे, एवढेच.

तिला सारे फुंकरमावशी म्हणत.

टेकडीच्या उतारावर कपबश्यांचा कारखाना होता. साच्यातून निघालेला मातीचा कप दोन दिवस घडवंचीवर वाळतो आणि मग भट्टीत जाण्याआधी घासणखात्यात येतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कपाच्या अंगावर उभी रेघ उरते, काठही खरबरीत असतो. ती रेघ आणि तो काठ बारीक जाळीने घासून गुळगुळीत करायचा, हे घासणखात्यातल्या चाळीस बायकांचे काम. घासताना पांढरी भुकटी कपात साठते. ती राहिली तर वरची झिलई नीट बसत नाही, म्हणून ती काढायची. कुंचल्याने काढायची म्हटले तर वेळ जातो, आणि दिवसाला किती कप उतरले हे विचारायला मुकादम उभाच. तेव्हा सगळ्या जणी फुंकर मारत. कोणी तीन फुंकरी मारी, कोणी कप टेबलावर ठोकून दोन. मावशीला एकच पुरे. पोटातून आलेली, आखूड, नेमकी फुंकर. कप धुतल्यासारखा स्वच्छ. आणि त्यातली भुकटी? ती एक पांढरा ढग होऊन वर येई, मावशीच्या पापण्यांवर बसे, भुवयांवर बसे, आणि तिने पुढचा श्वास घेतला की तिच्याबरोबर आत जाई. बावीस वर्षे, दिवसाला चारशे कप.

खात्याला दोन खिडक्या होत्या. दोन्ही बंद. कच्च्या कपाला एका बाजूने वारा लागला की तो वाकतो, तडकतो. म्हणून खिडक्यांना खिळे ठोकले होते. कपांच्या प्रकृतीची एवढी काळजी! त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेचे ऑफिस होते. तिथे गार हवेचे यंत्र होते, हवा गाळून आत येत असे, टेबलावर बोट फिरवले तर बोट कोरेच राही. एकच इमारत, एकच छप्पर, मध्ये अठरा पायऱ्या. त्या अठरा पायऱ्यांत माणसाचे आयुष्य किती वर्षांनी वाढते, हे मोजायची काठी कोणत्या मोजणीदाराजवळ आहे?

मावशीचे घर उताराच्या पायथ्याशी, कारखान्याच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या. पुढच्या खोलीत मावशी आणि तिचे यजमान; ते त्याच कारखान्यात खोकी बांधायच्या कामावर. मागच्या खोलीत दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. दीर मालगाडीवर कामाला, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मागच्या खोलीला एकच खिडकी, ती नेमकी कारखान्याच्या धुराड्याकडे. उघडावी तर धूर, लावावी तर कोंदट. दोघी जावांचे पांढरे डगले दाराआडच्या एकाच खिळ्यावर टांगलेले असत, आणि त्यांच्याखाली जमिनीवर पिठासारखी एक रेघ रोज उठे. मुलगी त्या रेघेत बोटाने फुले काढी. मावशी ती ओल्या फडक्याने पुसून घेई, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

धाकटीला मावशीनेच कामाला लावले होते. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची. हातात चपळाई, जिभेवर त्याहून अधिक. मावशीने शेजारी बसवून तिला जाळी कशी धरायची ते शिकवले, फुंकर कशी मारायची ते शिकवले. पुढे त्या एका गोष्टीने मावशीला जितके पोखरले तितके धुळीनेही पोखरले नसेल.

आता कोणी विचारील, खोकला येतो तर बायका दवाखान्यात का जात नव्हत्या? जात नव्हत्या, कारण दवाखाना सकाळी दहाला उघडे आणि पाचला मिटे. आणि घासणखाते आठाला सुरू होऊन सहाला सुटे. दवाखाना होता, डॉक्टर होते, औषधही होते. त्यांच्यापर्यंत पोचणारा दिवस तेवढा नव्हता. एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, तीन खाडे म्हणजे मुकादमाचे तोंड. वरच्या ऑफिसातला कारकून शिंकला तर अर्धी रजा टाकून तपासून येई. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला रजा होती, इतकेच.

कारखान्याने मात्र वर्षातून एकदा छातीच्या फोटोची सोय केली होती. एक मोठी गाडी फाटकाशी उभी राही. आत अंधारी खोली, थंडगार पत्रा. त्याला छाती लावायची, श्वास रोखायचा, झाले. पंधरा दिवसांनी ज्याच्या फोटोत डाग निघेल त्याला एक चिठ्ठी मिळे. चिठ्ठीवर एकच शब्द ठळक छापलेला: आराम. त्या आरामाला पगार नव्हता, आणि त्यातून परत बोलावणे नव्हते. एका वर्षी घासणखात्यातल्या तिघींना आराम मिळाला. त्यांतली एक पुढे बाजारात निवडलेल्या भाज्यांची देठे गोळा करताना दिसे. त्यानंतर त्या चिठ्ठीला बायका खोकल्याहून जास्त भिऊ लागल्या.

सहा वर्षांपूर्वी गाडी आली तेव्हा धाकटी तीन आठवडे खोकत होती. मुलगी नुकती रांगायला लागलेली. रांगेत ती पुन्हा पुन्हा मागे सरकताना मावशीने पाहिले आणि तिच्या कानाशी वाकून ती म्हणाली, की तू बस खाली, मी जाऊन येते. डगले सगळ्यांचे सारखे, टोप्या सारख्या, नाकातोंडावर फडकी बांधलेली. गाडीतला माणूस यादीकडे बघे, तोंडाकडे नाही. नाव पुकारले, मावशी गेली. दुसरे नाव पुकारले, मावशी गेली. माझी छाती दोनदा काढली म्हणून काय झिजणार आहे, असे तिने हसत विचारले, आणि धाकटी तिच्या गळ्यात पडून रडली.

प्रेमाने केलेली चूक फार लवकर रूढी होते. पुढच्या वर्षी चौघी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सहा जणी, आणि मग नऊ. ज्यांना ज्यांना खोकला होता, ज्यांना ज्यांना चढ चढताना दम लागे, त्या साऱ्या जणींच्या वतीने मावशी थंड पत्र्याला छाती लावून उभी राही. नऊ त्यांच्या आणि एक स्वतःची. बायकांना त्याचा अभिमान वाटे. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की पोपट नावाची बडबडी बाई म्हणे, “आपल्या खात्यात हात ऐंशी, पण छाती एकच.” आणि साऱ्या जणी हसत, हसता हसता खोकत, आणि आपण खोकतो आहोत यालाच पुन्हा हसत.

पण बघा, खोटे एकटे राहत नाही. कामगारांच्या समितीने दोन वेळा अर्ज केला, की प्रत्येक टेबलावर धूळ ओढून घेणारा नळ बसवा. दोन्ही वेळा व्यवस्थापक साहेबांनी फाईल काढून दाखवली. घासणखात्यातल्या छात्या वरच्या ऑफिसातल्या छात्यांपेक्षा स्वच्छ आहेत, असे त्यात लिहिले होते. साहेब खोटे बोलत नव्हते. फाईल तसेच सांगत होती. समितीतला माणूस मान खाली घालून परत आला आणि बायकांना म्हणाला, की तुमची प्रकृती चांगली आहे त्याला मी काय करू! त्या दिवशी साऱ्या जणी हसल्या. मावशी हसली नाही. तिच्या हातातला कप जाळीखाली तसाच फिरत राहिला, काठ उतरून अर्धा झाला, तरी फिरत राहिला.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. बसली तर उठावेसे वाटे, उठली तर कुठे जावे कळेना. धाकटी मागच्या खोलीत खोकली की पुढच्या खोलीत मावशी मोजू लागे. काल किती वेळा, आज किती वेळा. चढ चढताना धाकटी दोन ठिकाणी थांबे आणि चपलेत खडा गेल्याचे निमित्त करी. रोज खडा, रोज त्याच दोन ठिकाणी. मावशी सारे बघे आणि स्वतःशी म्हणे, मी हिला वाचवले. मग म्हणे, मी हिला वाचवले का? आणि मग उगाच घागर घासायला घेई.

आणि एका सकाळी, जाळी फिरवून झाल्यावर, तिने नेहमीसारखी फुंकर मारली आणि कपाच्या तळाशी भुकटी तशीच राहिली.

तिने इकडेतिकडे पाहिले. कोणी बघत नव्हते. दुसरी फुंकर मारली. दुपारपर्यंत तिने कप ठोकायला सुरुवात केली होती, तीही हळूच, मांडीवर, आवाज होऊ नये म्हणून. ज्या बाईच्या श्वासावर नऊ घरे टेकली होती, ती आपला श्वास मांडीआड लपवू लागली.

गाडी येण्याची तारीख फाटकावर लागली. एकेक जण येऊन मावशीच्या हाताला हात लावून जाऊ लागली. बोलायचे काही नसे, ठरलेलेच होते. मावशीने सांगायचे ठरवले, आणि सांगितले नाही. चार वेळा ठरवले, चार वेळा गिळले. काय सांगायचे? की यंदा मीच पुरत नाही? गाडी आली. दोन दिवसांत ती दहा वेळा आत गेली. दर वेळी श्वास रोखा म्हटले की तिच्या छातीत काहीतरी फडफडे. देवा, अजून एकदा पुरू दे, एवढेच ती म्हणत असे. परमेश्वर लेकराचे ऐकतो. पण लेकराने मागितलेलेच देतो असे नाही.

त्या वर्षी गाडीबरोबर नवी डॉक्टरीणबाई आली होती. वयाने लहान, चष्मा जाड, आणि हट्ट असा की प्रत्येक फोटो उजेडावर धरून स्वतः बघायचा. बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ती बगलेत पाकीट घेऊन घासणखात्याच्या मागच्या अंगणात आली. बायका भिंतीच्या सावलीत डबे घेऊन बसल्या होत्या. तिने दहा फोटो काढले आणि एकाशेजारी एक असे भिंतीला टेकवून ठेवले. प्रत्येकात दोन्ही बाजूंना वरच्या भागात पांढरे कण, जणू कोणी चाळणीने पीठ चाळले आहे. आणि प्रत्येकात डावीकडे खालून वर मोजत गेले तर एक बरगडी वाकडी, कधीकाळी मोडून आपोआप सांधलेली.

“मला एवढंच सांगा,” ती म्हणाली, “दहा बायकांची एकच बरगडी, एकाच जागी कशी मोडली?”

मग पोपट उठली. तिने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, की पाच वर्षांपूर्वी नळावर पाय घसरला होता. तिच्यामागून दुसरी म्हणाली, मीही पडले होते. तिसरी म्हणाली, मला म्हशीने मारले. एकीने पलंगाचे नाव घेतले, एकीने नवऱ्याचे. नऊ जणींनी नऊ ठिकाणी हात लावले. तिघींचे हात उजवीकडे होते, एकीचा खांद्यावर.

डॉक्टरीणबाई हसली नाही. “बरगडी डावीकडे आहे,” ती हळू म्हणाली.

तीन हात उजवीकडून डावीकडे सरकले. तेव्हा फुंकरमावशी उठली. डबा बाजूला ठेवला, पदराने हात पुसले. ती बरगडी तिची होती; लग्नाआधी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, तेव्हाची. तिने ते सांगितले आणि मग सहा वर्षांचे सारे सांगितले, कोणाचे नाव न घेता, जणू एकटीनेच कट रचला होता.

डॉक्टरीणबाईने पाकिटातून आणखी फोटो काढले, मागच्या सहा वर्षांचे. त्यांतही तीच बरगडी होती, दर वर्षी, दर नावाखाली. सहा वर्षे ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण स्वच्छ निघालेला गरिबाच्या छातीचा फोटो दुसऱ्यांदा कोण बघतो? ठसा मारला, फाईल मिटली.

मग तिने खरी अडचण मांडली. शनिवारी अहवाल द्यायचा होता. हेच फोटो गेले तर दहाच्या दहा जणींना आरामाची चिठ्ठी मिळेल, धडधाकट असलेल्यांनाही. शुक्रवारी गाडी पुन्हा आणून खरे फोटो काढावेत, असे तिचे म्हणणे. ज्यांच्या छातीत धूळ आहे त्यांना कळले पाहिजे. कारण गेलेला श्वास परत येत नाही, जात असलेला तेवढा थांबवता येतो. बोलता बोलता तिने विचारले, की यांतली सगळ्यांत आधी खोकू लागलेली कोण? मावशीने धाकटीकडे बघितले. डॉक्टरीणबाई म्हणाली, “सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर...” आणि थांबली. ते अर्धे वाक्य मावशीच्या काळजात गेले आणि तिथेच राहिले.

घरी त्या संध्याकाळी चूल पेटली, पण ताटाशी कोणी नीट बसले नाही. यजमानांनी दोनदा विचारले, काय झाले आहे, आणि दोन्ही वेळा त्यांना मीठ वाढले गेले. शेवटी धाकटीच बोलली. तिचे म्हणणे सरळ होते. शुक्रवारी धडधाकट बायका शोधू, दहा जणी दहा नावांवर उभ्या राहतील, बरगडीचा प्रश्नच नाही. खरा फोटो ती काढणार नव्हती. खरा फोटो म्हणजे आराम, आराम म्हणजे मुलीची शाळा गेली, मागची खोली गेली. मग आवाज चढला.

“जाऊबाई, तुम्हीच मला वाचवलंत आणि आता तुम्हीच बुडवताय.”

मावशी म्हणाली, “मी तुला वाचवलं नाही गं. मी तुझं दुखणं लपवलं. वाचवणं वेगळं असतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक असतं तर काय केलं असतंत? घरी बसवलं असतंत? खाल्लं काय असतं आम्ही, फोटो?”

ज्या घरात आजार कळणे आणि भाकर जाणे एकाच दाराने येते, तिथे माणूस ते दारच लावून घेतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे असते. दार एकच ठेवले कोणी, हे कोणी विचारीत नाही. वारा विश्वंभराने वाटून दिला नव्हता. वाटण्या माणसांनी केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशीने अंगणात एक पाटी उलटी घातली आणि तीवर नऊ कच्चे कप मांडले. प्रत्येकात सारखी भुकटी, चिमूट चिमूट मोजून. नऊ जणींना पुढे बसवले. म्हणाली, “फोटोचं राहू द्या. हे तर आपलंच काम आहे ना? एक फुंकर. एकच. ठोकायचं नाही.”

पोपट म्हणाली, “मावशी, या वयात आमची परीक्षा?”

“माझीही आहे,” मावशी म्हणाली, आणि दहावा कप आपल्यापुढे ठेवला.

पहिली फुंकर तिनेच मारली. भुकटी हलली, काठापर्यंत चढली, आणि परत तळाशी बसली. फुंकरमावशीचा कप भरलेला राहतो, हे बायकांनी कधी पाहिले नव्हते. मग एकेक जण वाकली. पहिलीचा राहिला. दुसरीचा स्वच्छ झाला. तिसरीचा राहिला, चौथीचा राहिला. पोपटला मध्येच हसू आले आणि तिची फुंकर वाकडी गेली. पुन्हा मारते म्हणाली, कोणी मारू दिली नाही. नऊपैकी दोन कप स्वच्छ झाले. धाकटी सर्वांत शेवटी वाकली. तिने गाल फुगवले, डोळे मिटले, आणि फुंकर ओठांवर येण्याआधी खोकला आला. तो थांबेना. कप हातातून सुटला, फुटला. ती जमिनीवर दोन्ही हात टेकून राहिली आणि तिच्या पाठीवरून मावशीचा हात वरखाली फिरत राहिला.

खोकला शमल्यावर धाकटी म्हणाली, “काढा फोटो.”

मग नुसते हो म्हणून भागणार नव्हते. बायकांनी एक अट घातली, आणि ती अट मावशीची नव्हे, पोपटची. एकेकीने चिठ्ठी घ्यायला वर जायचे नाही. गेलो तर दहा जणी एकदम, आणि डॉक्टरीणबाई बरोबर. शुक्रवारी गाडीत दहा जणी आपापल्या नावावर गेल्या, फडकी सोडून, तोंडे उघडी ठेवून. दहापैकी सात जणींच्या छातीत धूळ निघाली. तिघी स्वच्छ; पोपट त्यांत होती. कपाने तिला उगाच नापास केले होते, असे ती पुढे कित्येक दिवस सांगत राहिली. धाकटीचा फोटो सगळ्यांत वाईट. मावशीचा त्याच्या खालोखाल.

शनिवारी त्या अठरा पायऱ्या चढल्या. धाकटी सहाव्या पायरीवर थांबली. या वेळी तिने चपलेतल्या खड्याचे निमित्त केले नाही. साऱ्या जणी तिच्यासाठी तिथेच थांबल्या, आणि श्वास घेऊन झाल्यावर पुढे निघाल्या.

साहेबांनी ऐकून घेतले आणि नेहमीची फाईल काढली. सहा वर्षांचे अहवाल त्यांनी टेबलावर पसरले. तुमच्या खात्याची छाती सहा वर्षे स्वच्छ होती, एका आठवड्यात सात जणी आजारी कशा पडल्या, असे त्यांनी विचारले. विचारण्यात राग नव्हता, खरोखरच कोडे पडल्यासारखे होते.

मावशीने फाईलवर बोट ठेवले. बोटाचा पांढरा ठसा उमटला. “ही सहा वर्षं माझ्या एकटीच्या छातीची आहेत, साहेब. मी फसवलं. मला काढायचं तर काढा. पण खात्याची छाती तुम्ही आज पहिल्यांदा बघताय.”

डॉक्टरीणबाईने तेव्हा आपले पत्र पुढे केले. त्याची एक प्रत कामगारांच्या आरोग्य-कचेरीत सकाळीच गेली होती. पत्रात सात बायकांबद्दल थोडे आणि चाळीस जणींच्या हवेबद्दल पुष्कळ लिहिले होते: खिळे ठोकलेल्या खिडक्यांबद्दल, कुंचल्याला न मिळणाऱ्या वेळेबद्दल, पाचला मिटणाऱ्या दवाखान्याबद्दल.

पुढे जे झाले ते सारे गोड झाले नाही, आणि कथा गोड करण्यासाठी ते बदलायचे नाही. धूळ ओढणारे नळ आले; प्रत्येक टेबलाला एक मागितले होते, दोन टेबलांत एक आले. फुंकर मारायला बंदी झाली, कुंचले मिळाले, आणि कपांची रोजची संख्या भांडून भांडून कमी करून घ्यावी लागली. आरामाच्या चिठ्ठीवर अर्धा पगार आणि औषध लिहून आले. दवाखाना आठवड्यातून दोन दिवस रात्री आठापर्यंत उघडा राहू लागला. सातांपैकी दोघी मात्र काम सोडून अशा कारखान्यात गेल्या जिथे फोटोच काढत नाहीत. मावशीने त्यांच्या घरी तीन तीन खेटे घातले. त्यांनी चहा दिला, ऐकले नाही. मावशीला फसवणुकीची शिक्षा झाली. बावीस वर्षांची कायम नोकरी गेली आणि ती रोजंदारीवर, खोक्यांना नावे चिकटवायच्या खोलीत गेली. त्या खोलीला उघडी खिडकी आहे. शिक्षा म्हणून मिळालेली खिडकी!

धाकटी घरी आहे. औषध चालू आहे. ती बरी होणार नाही, पण आहे तिथे टिकेल, असे डॉक्टरीणबाई म्हणते. धाकटीच आता मुलीचा अभ्यास घेते, आणि डगले घरी आणायला बंदी घालते. दारामागचा खिळा तिने उपटून टाकला. कधी चिडली की ती मावशीला टोचून बोलते, सहा वर्षे म्हणते, नुसते तेवढेच, आणि मावशी ऐकून घेते. मग पाणी कोण भरणार यावरून दोघी भांडतात, आणि भांडण संपते तेव्हा घागर दोघींच्या हातात असते.

मावशीला अजून स्वस्थता नाही. सकाळी नावे चिकटवायच्या खोलीत जाण्याआधी ती वाट वाकडी करून घासणखात्यात जाते, दर नळाच्या तोंडाशी तळहात धरते, आणि तो हात ओढतो की नाही ते बघते. एखादा मंद वाटला तर मुकादमाला हाक मारते. मुकादम वैतागतो. पोपट म्हणते, “मावशी, तुमची छाती आता नळाला लावलीत वाटतं?” मावशी हसते, चिमूटभर भुकटी नळापुढे सोडते, ती आत खेचली गेली की पुढच्या नळाकडे वळते.

हे विश्वंभरा, त्या तळहाताला तुझा वारा लागू दे. तिच्या चुकीत जेवढी माया होती तेवढी तू पदरात घे, आणि मायेत जेवढी चूक होती तेवढी तू पोटात घाल. धाकटीचा श्वास आहे तेवढा अखंड राहो. तिच्या लेकीच्या छातीत धुळीचा एक कणही न शिरो. यजमानांच्या हाताला काम असो, दिराची गाडी वेळेवर परत येवो. मागच्या खोलीच्या खिडकीतून एक दिवस धुरावाचून सकाळ आत येवो, आणि त्या सकाळी फुंकरमावशीने घेतलेला पहिला श्वास, तू तिला पहिल्यांदा दिला होतास तसाच, भरून, निर्मळ आणि कोणाला न विचारता घेता येण्याजोगा असो.